चौदा म्हणजे वीस

आमच्या घरीं जिन्याखालीं भिंतीवर एक लांकडी पेटी टांगलेली आहे. गच्चीवरील टाकी भरली म्हणजे पंप बंद करावयाचा, आणि कांहीं कारणानें ती भरलीच नाहीं, तरी वीस मिनिटांनीं तो थांबवावयाचा, एवढेंच तिचें काम. ही पेटी आमच्या धाकट्या बंधूंनीं २००३ सालीं हौसेनें स्वतः तयार केली. तिच्या पोटांत पीआयसी १६एफ८४ नांवाची अठरा पायांची चिप आहे. १,०२४ सूचनांची जागा आणि ६८ बाइट तात्पुरती स्मृति, एवढाच तिचा संसार. पण काटकसरी गृहिणीप्रमाणें ती तेवढ्यांत सर्व भागविते. बंधु २०१९ सालीं निवर्तले. पेटी मात्र चालत राहिली.

यंदा बोअरचें पाणी खालावलें. टाकी भरावयास चाळीस मिनिटें लागूं लागलीं, आणि पेटी तर विसाव्या मिनिटास पंप थांबवी. पुतण्या म्हणाला, “काका, बाजारांत तयार यंत्र मिळतें. हें आतां काढून टाकूं.” बोलणें व्यवहाराचें होतें, परंतु एका आकड्यासाठीं त्याच्या वडिलांच्या हातची वस्तु अडगळींत टाकणें आमच्या जिवावर आलें.

बंधूंनीं लिहिलेला मूळ कार्यक्रम एका सीडीवर सांपडला. पण तो चिपच्या भाषेंत उतरविणारें एमपीएएसएम नांवाचें साधन घरांत कोठेंच नव्हतें. जुन्या संगणकाची तबकडी मध्यंतरीं बदलली, तेव्हां तें गेलें. पुतण्यानें आपल्या नव्या लॅपटॉपवर त्या साधनसंचाची नवी आवृत्ति घेतली. तींत तें नाहीं. २०२० सालच्या ५.४० ह्या आवृत्तीपासून त्याच्या जागीं दुसरें आलें आहे. शिवाय चिपवर लिहिण्याचें बंधूंचें घरगुती उपकरण जुन्या नऊ टांचण्यांच्या सीरियल पोर्टास जोडावें लागतें, व तो पोर्ट नव्या लॅपटॉपास नसतो. अखेरीस कंपनीनेंच जपून ठेवलेल्या जुन्या आवृत्त्यांत ८.९२ ही आवृत्ति मिळाली. ती पेन ड्राइव्हवर घेऊन आम्हीं जुन्या संगणकावर चढविली. त्यावर विंडोज एक्सपी आहे. तिची देखभाल २०१४ सालींच थांबलेली असल्यामुळें तो संगणक आम्ही इंटरनेटला जोडीत नाहीं.

आतां कार्यक्रम उघडला. जेथें वीस असावयास पाहिजे, तेथें चौदा! बंधूंची चूक म्हणावी, तर पेटी इतकीं वर्षें बरोबर वीसच मिनिटें मोजीत आली. ओळीच्या शेवटीं अर्धविराम देऊन त्यांनीं रोमन लिपींत मराठी टीप लिहिली होती: “वीस मिनिटें. सोळाच्या मापानें. दादा पंप लावून विसरतो.”

तेव्हां उलगडा झाला. हें जुनें साधन नुसता लिहिलेला आकडा षोडशमान धरतें. एक सोळा आणि वर चार, म्हणजे वीस. नव्या साधनाची रीत दशमानाची आहे. घाईनें तोच मजकूर त्याच्या हवालीं केला असता, तर चौदाचे चौदाच राहिले असते. अक्षरें तींच, अर्थ निराळा! पाणिनीच्या व्याकरणांत ‘गुण’ म्हणजे अ, ए, ओ हे स्वर. ही परिभाषा ज्यास ठाऊक नाहीं, तो तेथें सद्गुण शोधीत बसेल. आयुष्यभर मुलांना आम्हीं हें सांगितलें. स्वतःच्या घरांत मात्र तें आम्हांस आमच्या धाकट्या भावानें शिकविलें.

आम्हीं चौदाच्या जागीं अठ्ठावीस लिहिले: दोन सोळा आणि आठ, म्हणजे चाळीस. चिप लिहून पेटींत बसविली, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं टाकी काठोकाठ भरली.

ज्यांच्या घरीं अशी हौस आहे, त्यांस आमची एवढीच विनंति, कीं नुसता कार्यक्रम जपून ठेवूं नये. तो ज्या साधनानें वाचला जातो तें साधन, त्याच्या आवृत्तीचा आकडा आणि चार शब्दांची टीप, हींही त्याच्याजवळ ठेवावींत. मागें राहणाऱ्यांस त्यांचाच आधार असतो.

टिपेंतील ‘वीस’ खोडून आम्हीं ‘चाळीस’ केलें. पुढचें वाक्य तसेंच ठेविलें आहे. तें अजूनही खरें आहे.