मामाचं जिनिंग आणि टॅगचा हिशेब

हिंगणघाटला मामाचं जिनिंग आहे. चोवीस डबल रोलर मशिनी. "तू कॉम्प्युटरवाला ना, मंग एखादं स्वस्त सॉफ्टवेअर सांग," म्हणाला. झालं, वीकएंड गेला!

बरीचशी स्काडा पॅकेजेस टॅगवर पैसे घेतात. टॅग म्हणजे स्क्रीनवर आणायचा एकेक आकडा. मोटरचा करंट, बेअरिंगचं तापमान, चालू-बंद... चोवीस त्रिक बहात्तर, तेही प्रेस सोडून. उलट नोड-रेड (आयबीएममध्ये २०१३ साली जन्मलेलं) फुकट. मॉडबसवाली मीटरं त्याला जोडता येतात. मॉडबस १९७९ चं, माझ्याहून म्हातारं, पण अजून ठणठणीत. मला हेच पटलं.

मामाचा प्रश्न वेगळाच. "रात्री दोनले हे बंद पडलं त कोनाले बोलावू?"

खरंय. सीझनला रात्रपाळी असते आणि मी पुण्यात. कापसात ठिणगी पडली तर कॉम्प्युटर हँग झालाय का, हे बघत बसायला वेळ नसतो. म्हणून मोटर ट्रिप करणं पॅनेलमधल्या रिलेकडेच ठेवलं. सॉफ्टवेअरने नुसतं बघायचं आणि नोंद ठेवायची.

सध्या चारच मशिनी जोडतोय. वायरिंग वर्ध्याचा पॅनेलवाला करतोय, आणि रविवारी फोनवर मी त्यालाच नोड-रेड शिकवतोय. त्याची फी मामा देणार. फुकट सॉफ्टवेअरचा खर्च तो हाच!