विचारायचे ते दोन प्रश्न

द्यूतसभेची कथा आपण सारे लहानपणापासून ऐकत आलो आहोत. डाव ऐन रंगात असता विदुराने धृतराष्ट्राला उपदेश केला. पण नेमका प्रश्न विचारला तो द्रौपदीने, आणि तोवर सर्वस्व हरून झाले होते. जुगाराच्या बाबतीत आपला समाज आजही उपदेश लवकर करतो आणि प्रश्न उशिरा विचारतो, असे आम्हांस वाटते.

प्रश्न विचारण्याचे शास्त्र मात्र दरम्यान बरेच पुढे गेले आहे. १९८७ साली हेन्री लेस्यूर आणि शीला ब्लूम यांनी न्यूयॉर्क राज्यातील साऊथ ओक्स रुग्णालयाच्या नावाने ओळखली जाणारी वीस गुणांची चाचणी प्रसिद्ध केली. तीत पाच किंवा अधिक गुण आले, तर जुगाराचे व्यसन संभवते असे मानतात. २००१ साली कॅनडात नऊ प्रश्नांची चाचणी तयार झाली. न परवडणारी रक्कम लावलीत का, हरलेले भरून काढण्यासाठी पुन्हा दुसऱ्या दिवशी गेलात का, घराची आर्थिक ओढाताण झाली का, असे प्रश्न गेल्या वर्षभरापुरते विचारायचे आणि प्रत्येकाला शून्य ते तीन गुण द्यायचे. एकूण सत्तावीसपैकी आठ किंवा अधिक गुण म्हणजे गंभीर लक्षण. याहून सोपी चाचणी १९९७ सालची. तीत दोनच प्रश्न आहेत. अधिकाधिक पैसे लावावेत अशी निकड तुम्हांला कधी वाटली का? आणि आपण किती खेळतो याविषयी जिवाभावाच्या माणसांशी तुम्हांला कधी खोटे बोलावे लागले का? एकाचे जरी उत्तर 'हो' आले, तरी पुढची चौकशी करावी.

आम्ही बडोद्याचे. गायकवाडी नोकरीच्या निमित्ताने आलेल्या आमच्या घरांत दसरा-दिवाळी मराठी राहिली. पण श्रावणात सातम-आठमच्या सुमारास बसणारे पत्त्यांचे डाव आम्ही गुजरातेकडून घेतले. त्यांना कोणी जुगार म्हणत नाही, नुसते 'पत्ते' म्हणतात. मटक्याला 'आकडा' म्हणतात, क्रिकेटवरच्या पैजेला 'सट्टा'. 'जुगार' हा शब्द आपण दुसऱ्याच्या घरासाठी राखून ठेवलेला असतो. म्हणून या चाचण्या मराठीत आणताना नुसता शब्दकोश पुरणार नाही. 'जुगार खेळता का?' असे विचारले, तर 'छे' हेच उत्तर येईल. 'आकडा लावता का, पैशांनी पत्ते खेळता का?' असे विचारले, तर कदाचित खरे बोलणे सुरू होईल.

साऊथ ओक्सच्या चाचणीत पैसे कोठून उभे केले याची यादीच आहे: घरखर्चातून, पत्नीकडून वा पतीकडून, नातलगांकडून, सासुरवाडीकडून, बँकेकडून, सावकाराकडून, घरची वस्तू विकून. ही यादी वाचताना आम्हांला ओळखीचे एक घर आठवले. तेथील धाकट्या चिरंजीवांचे कर्ज काकांनी दोनदा फेडले, तिसऱ्यांदा सूनबाईंच्या पाटल्या गहाण पडल्या. दर वेळी 'धंद्यात खोट आली' एवढेच सांगितले गेले. घराण्याचे नाव चार लोकांत जाऊ नये म्हणून सर्वांनी मौन पाळले, आणि त्या मौनाच्या आडोशाने डाव चालूच राहिला. त्या घरात उपदेश रोज होत असे. दुसरा प्रश्न मात्र, तो खोटे बोलण्याविषयीचा, कोणी विचारला नाही. कारण खोटे बोलण्यात घरातील सारेच सामील झाले होते.

अशा चाचणीने रोगनिदान होत नाही, हेही ध्यानात ठेवावे. साऊथ ओक्सची चाचणी रुग्णालयातील माणसांवरून बेतलेली असल्याने सर्वसाधारण लोकांत वापरली असता ती निरोगी माणसालाही व्यसनी ठरवते, असा आक्षेप पुढे घेतला गेला. गुण मोजून माणसावर शिक्का मारणे हे तिचे काम नव्हे. पुढे कोणाला भेटायचे एवढेच ती सुचवते. जुगाराच्या विकाराला अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली आपल्या निदानसूचीत स्थान दिले आणि २०१३ साली त्याला व्यसनांच्या वर्गात बसवले. म्हणजे तो उपचारांचा विषय आहे, केवळ लाजेचा नव्हे.

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला. कायदा दार लावू शकतो. पण दाराआडच्या माणसाची विचारपूस घरच्यांनाच करावी लागते. आपल्या घरांत वडीलधाऱ्यांचा शब्द अद्याप ऐकला जातो. तो शब्द उपदेशाचा असण्याऐवजी एखादे वेळी प्रश्नाचा असावा: दार लोटून, आवाज न चढवता, 'आम्हांला सांगता न येण्यासारखे काही झाले आहे का?' उत्तर 'हो' आले, तर कर्ज फेडण्याची घाई करू नये. आधी त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे. मानसिक आरोग्यासाठी सरकारची 'टेलिमानस' ही दूरध्वनी सेवा २०२२ सालापासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६.