उसने आडनाव

डोंबिवलीत भाड्याची खोली बघायला गेलो, तेव्हा पगाराआधी आडनाव विचारले गेले. सांगितले, खोली मिळाली नाही. कल्याणचा मित्र म्हणाला, "दुसरे आडनाव सांगायचे ना!" त्या रात्री त्याच्याकडे 'स्टार वॉर्स' पुन्हा पाहायला बसलो.

लहानपणी न दिसलेले आता दिसले. १९७७च्या पहिल्या चित्रपटात यंत्रमानवांना गुत्त्याबाहेर उभे करतात. १९९९मध्ये नायकाची शक्ती चक्क रक्तात मोजतात. २०१७मध्ये रे सामान्य आईबापांची मुलगी असते. २०१९मध्ये तिला सम्राटाची नात ठरवतात. शेवटी म्हातारी आडनाव विचारते आणि रे 'स्कायवॉकर' हे उसने नाव सांगते. १९८७च्या 'स्पेसबॉल्स' या विडंबनातही नायक राजपुत्र निघाल्यावरच राजकन्येशी लग्न जमते. तिथे निदान हसता येते.

'रोग वन' (२०१६) आणि 'अँडोर' (२०२२) या उपकथांत मात्र कुळाचा टेंभा न मिरवणारी साधी माणसेच साम्राज्याशी लढतात. आम्हाला हीच गोष्ट आपली वाटते.

मित्राचा सल्ला मायेचा होता. पण उसन्या नावाने खोली मिळते, मुक्ती नाही. खोलीचा शोध अजून चालू आहे. पुढच्या दारातही आम्ही आमचेच आडनाव सांगू. जय भीम!