शाळेची सूचना

आम्ही उभयता महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमची कन्या मात्र कोल्हापुरातल्या चर्चलगतच्या एका कॅथलिक शाळेत, इंग्रजी माध्यमात शिकते. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेच्या महापुरामुळे शाळा बंद राहिल्या. पाणी ओसरल्यावर शाळेची सूचना आली, ती इंग्रजीत. शेजारच्या आजी मोबाईल घेऊन दारात उभ्या राहिल्या. नातू त्याच शाळेत. म्हणाल्या, “शाळा कवा हाय, तेवढं वाचून सांगा की.”

शाळेला दोष देणे सोपे होते. इंग्लंडहून गोव्यात आलेले जेझुइट धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांनी नवख्रिस्ती लोकांसाठी मराठीत रचलेले ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले, हा दाखला आम्ही वर्गात दरवर्षी देतो. पण इंग्रजी मागणारे पालक तर आम्हीच!

पुढच्या पालकसभेत आम्ही सूचनांचा मराठी मजकूर करून देण्याचे पत्करले. पहिल्याच सूचनेत ‘ओपन हाउस’पाशी लेखणी अडली. अर्थ समजावून आजींनाच विचारले. त्या म्हणाल्या, “पोरांचा अभ्यास बघायला बोलावल्यात, असं लिवा.”

प्रमाण मराठीत आम्ही तेच लिहिले.