कुटाचा डबा

माझे माहेर कोकणातले आणि सासर साताऱ्याकडचे. लग्न होऊन या घरी आले तेव्हा स्वयंपाकघरातल्या फळीवर पहिला मान एका पितळी डब्याचा होता, आणि त्या डब्यात दाण्याचे कूट होते. वांग्यात कूट, मेथीत कूट, काकडीच्या कोशिंबिरीत कूट. उपवासाच्या दिवशी तर कुटावाचून पानच हलायचे नाही. आमच्याकडे जे नारळाचे, तेच इकडे दाण्याचे. भुईमूग हा मूळचा दक्षिण अमेरिकेतला, असे मी एकदा सासूबाईंना सांगितले होते. त्या म्हणाल्या, “अगं, जे एकादशीला चालतं ते साहेबाच्या मुलखातलं असेल कसं?” यावर उत्तर नव्हते. साबुदाणा आणि बटाटाही तिकडचेच, हे मी मग बोललेच नाही.

अशा घरात धाकट्याला दाणा सोसेना.

दीड वर्षाचा असताना सासूबाईंनी त्याच्या जिभेला दाण्याच्या लाडवाचा कण लावला. घटकाभरात अंगावर पित्त उठले, ओठ सुजले. सासूबाईंनी घाईने आमसुले भिजत घातली, ते पाणी अंगाला चोळले. तासाभराने मूल खेळायला लागले आणि आम्ही निश्चिंत झालो. पित्त कुणाला उठत नाही? पुढे तिसऱ्या वर्षी एका बारशाला कुणी तरी चिक्कीचा तुकडा हातावर ठेवला, तेव्हा मात्र उलट्या झाल्या आणि श्वासाला घरघर लागली. मग डॉक्टर, मग हातावर थेंब ठेवून सुईने टोचण्याची ती तपासणी. दाण्याच्या थेंबाखाली रुपयाएवढी गांधी उठली. डॉक्टर म्हणाले, दुधाची, अंड्याची ॲलर्जी पुष्कळ मुलांची वाढत्या वयात जाते. दाण्याची पाचांतल्या एखाद्याचीच.

मी विचारले, “माझं काही चुकलं का?” आईने डॉक्टरांना विचारायचा हा पहिला प्रश्न असतो. तान्हेपणी त्याच्या गालांवर इसब होते. थोरलीच्या वेळचे बालसंगोपनाचे एक पुस्तक घरात होते. त्यात तीन वर्षांपर्यंत दाणा देऊ नये असे छापलेले. मी मॅट्रिक झालेली बाई, छापलेल्या अक्षरावर माझा विश्वास. त्या लाडवाच्या कणापर्यंत मी दाणा त्याच्याजवळ येऊ दिला नव्हता. डॉक्टरांनी सांगितले की तो सल्ला अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २००० साली दिला होता आणि २००८ साली मागेही घेतला. पुढे २०१५ साली लंडनमधला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. जोराचे इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली, ४ ते ११ महिन्यांची ६४० मुले घेतली. निम्म्यांना दाणा वर्ज्य केला, निम्म्यांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली बेताबेताने नियमित खाऊ घातला. पाचव्या वर्षी पाहिले तर वर्ज्य केलेल्यांत शेकडा १७ मुलांना ॲलर्जी, आणि खाल्लेल्यांत शेकडा ३. “पण तुमच्या मुलाचं काय झालं असतं, ते मात्र कुणीच सांगू शकणार नाही,” असे म्हणून त्यांनी पुढचा कागद ओढला. त्या वाक्याने सुटका होते की शिक्षा, ते मला अजून ठरवता आलेले नाही.

स्वयंपाकघर बदलले. घाणीच्या शेंगतेलात दाण्याचा अंश राहतो, म्हणून करडईचे तेल आले. भाजीत ओले खोबरे पडू लागले, कोशिंबिरीत भाजलेले डाळे वाटून घालू लागले. सासूबाई ताटाकडे बघत आणि काही बोलत नसत, पण शेजारच्या काकूंना सांगताना मी ऐकले, “ॲलर्जीचं निमित्त हो. सुनेला घरात कोकण आणायचं होतं, ते आणलं.” मला राग आला, आणि खरे सांगायचे तर थोडे हसूही आले. त्यांच्या उपवासापुरता कुटाचा डबा मी राहू दिला. वरच्या फळीवर, तांबड्या दोऱ्याची खूण बांधून. पण डोळ्यांत तेल घालून मी पहारा करीत होते तो मुलावर नव्हे, सासूबाईंवर. त्यांच्या मांडीवर तो बसला की माझी नजर त्यांच्या बोटांकडे. सत्तरी उलटलेल्या बाईला नातवाला घास भरवताना कुणाची तरी परवानगी घ्यावी लागते, याचे दुःख काय असेल, हे कादंबऱ्या लिहिणाऱ्या बाईला कळू नये, असे थोडेच आहे? कळत होते. तरी पहारा चालूच होता.

शाळेतला पेच निराळाच. मी बालवाडीत शिकवते. वीस वर्षे मी मुलांना एकच शिकवत आले, की खाऊ एकट्याने खाऊ नये, शेजाऱ्याला देऊन खावा. आणि आता माझाच मुलगा त्याच वर्गात बसून शेजारणीने पुढे केलेली लाडवाची फोड पाहून हात मागे घेतो आणि विचारतो, “हे मला चालतं?” मुलगी रुसली. तिच्या आजीने स्वतःच्या हाताने केलेला लाडू होता तो! आपल्याकडे ‘नको’ म्हणणे हे पदार्थाला म्हणणे नसते, करणाऱ्याला म्हणणे असते. मी दोघांना घेऊन बसले, समजावले. नुसत्या पाण्याने दाण्याचा अंश जात नाही, साबण लावावा लागतो, तेही सांगितले. दुसऱ्या दिवसापासून ती मुलगी फुगडी घालण्याआधी कोपरापर्यंत साबण लावून येते. इतका साबण, की पहिल्या फेऱ्यालाच हात सुटतात.

गेल्या आषाढी एकादशीची गोष्ट. सकाळी सासूबाईंच्या खिचडीसाठी कूट मीच मिक्सरमधून काढले. त्यांच्या हातून सांडेल, म्हणून तेवढेही मी त्यांना करू देत नसे. मग एका दिवाळी अंकाची कथा पुरी करायला बसले. संपादकांचे दुसरे पत्र आले होते. शेवटचे पान काही केल्या जमेना. तेवढ्यात मुले भुकेली झाली म्हणून उठले, घावन टाकले, खोबऱ्याची चटणी वाटली; तेच भांडे पाण्याने विसळून.

धाकटा दोन घास खाऊन म्हणाला, “आई, जीभ चावतेय.”

पाहते तो ओठ सुजू लागलेले. मानेवर गांधी. मग खोकला, आणि खोकल्यातून ती ओळखीची घरघर. माझे हातपाय गळाले. मी धावले ती ॲलर्जीच्या पातळ औषधाच्या बाटलीकडे, आणि झाकण उघडत होते तोच मागून सासूबाईंचा आवाज आला, “ते नव्हे! इंजेक्शन आधी!” डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला होता. श्वास अडकला तर मांडीच्या बाहेरच्या बाजूला ॲड्रिनलिन. बाटलीतल्या औषधावर वाट पाहत बसायचे नाही. नंतर लगेच दवाखाना. मी तो स्वतःच चिकटवला होता आणि त्यानंतर वाचला नव्हता. सासूबाई, चौथी शिकलेल्या, तो रोज वाचीत असत. इंजेक्शनचा डबा त्यांनी माझ्या हातात दिला, मुलाची मांडी त्यांनी घट्ट धरली. डॉक्टरांनी ठरवून दिलेली मात्रा मी टोचली. रिक्षात बसेपर्यंत त्याचा श्वास मोकळा होऊ लागला होता. त्रास उलटून येऊ शकतो म्हणून रात्रभर दवाखान्यात ठेवले.

रात्री बाकावर आम्ही दोघी बसलो होतो. त्यांचा उपवास, खिचडी तशीच घरी झाकून राहिलेली. मी म्हटले, “आई, माझ्याच हातून झालं. भांडं साबणाने धुतलं नाही.” त्या म्हणाल्या, “मला ठाऊक आहे. मी पाहिलं होतं, पण बोलले असते तर तुला वाटलं असतं...” आणि वाक्य तसेच सोडून दिले. ते मलाही पुरे करवले नाही.

घरी आल्यावर त्यांनी तो पितळी डबा स्वतः रिकामा केला, राखेने आणि मग साबणाने घासला. आता त्यात खोबऱ्याचा कीस असतो. एकादशीला त्या वरीचे तांदूळ खातात, त्यावर जिरेमिरीचे ताक. खिचडीचे नावही काढत नाहीत.

यंदाच्या चिवड्यात दाणे नाहीत. पातळ पोहे, डाळे, खोबऱ्याचे काप, कढीपत्ता भरपूर. सासूबाईंनी हात घातला तसा तो कुरकुरीतही झाला आहे, जरी “दाण्यावाचून चिवडा म्हणजे कुंकवावाचून कपाळ” असे त्या परतताना दोनदा म्हणाल्या. शेजारून आलेली फराळाची ताटे विणलेल्या रुमालासकट ओसरीवरच्या कपाटात जातात.

काल दुपारी सासूबाई घरात दिसेनात. बघते तो काकूंच्या ओट्यावर बसून, ओच्यात भाजलेल्या शेंगा घेऊन, सावकाश सोलून खात होत्या. चेहऱ्यावर असे समाधान, की मी दारामागे झाले. खाऊन झाल्यावर त्यांनी टरफले गोळा केली, ओचा झटकला, काकूंकडून साबण मागून घेतला, हात धुतले, चुळा भरल्या, आणि लुगडे बदलायला मागच्या दाराने घरात आल्या.

धाकटा उंबऱ्यात उभा होता. “आजी, चूळ भरली?”

“तीनदा भरली रे बाबा,” त्या म्हणाल्या. “जरा थांब, पातळ बदलून येते, मग ये मांडीवर.”