शिरूरचे सर, दौंडचे सर

इंटर्न मंडळींत प्रत्येक पोस्टिंगची कुंडली आधीच फिरत असते. शिरूर तालुक्यातल्या ज्या सरकारी दवाखान्यात मला जायचं होतं, तिथल्या सरांबद्दल निरोप होता, 'खडूस आहेत. तोंड बंद ठेव, सही घे, सुट.' पुढे दौंडकडे ज्यांच्या हाताखाली काम केलं ते मात्र 'एकदम भारी माणूस'. दोन्ही निरोप खरे निघाले. शिरूरचे सर नावानं हाक मारत नसत, 'ए इंटर्न' एवढंच. दौंडचे सर ओपीडी उरकली की चहा मागवायचे आणि उसाच्या फडावरचे, रेल्वेच्या डब्यातल्या बाळंतपणाचे किस्से सांगायचे. हसून हसून पुरेवाट.

पावसाळ्यात एका संध्याकाळी बाजरी खुरपताना काहीतरी चावलं म्हणून न्हावऱ्याकडच्या एका बाईंना शिरूरला आणलं. साप कुणी पाहिला नव्हता. पाय सुजलेला. सरांनी शिरेतून थोडं रक्त काढून कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घातलं आणि नळी माझ्यासमोर उभी केली. "वीस मिनिटं. हलवायची नाही." प्लॅस्टिकची का नको, असं मी विचारलं. "काचेत रक्त धरतं. प्लॅस्टिकमध्ये फसशील." वीस मिनिटांनी नळी मलाच तिरकी करायला लावली. रक्त पाण्यासारखं वाहिलं. सापाच्या प्रतिविषाच्या दहा व्हायल सुरू झाल्या. रिअॅक्शन आली तर म्हणून अॅड्रिनलिन भरून हाताशी ठेवलं आणि मला खाटेजवळ बसवलं. "सहा तासांनी परत नळी," म्हणून गेले. मध्यरात्र उलटल्यावर नळी भरत होतो, तेव्हा कुणी न बोलावता ते मागे उभे होते. यावेळी गुठळी धरली. शाबासकी वगैरे नाही.

तेव्हा कुणी विचारलं असतं तर उत्तम शिक्षक म्हणून मी बेधडक दौंडच्या सरांचं नाव सांगितलं असतं. माणूस आवडला की त्याचं शिकवणंही आवडतं. अमेरिकेत 1973 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. 'डॉ. फॉक्स' नावानं एका नटाला उभं करून मनोविकारतज्ज्ञांसमोर मुद्दाम अर्थहीन व्याख्यान द्यायला लावलं, तर श्रोत्यांनी झकास अभिप्राय दिले. दौंडच्या सरांना मी नट म्हणणार नाही. नातेवाइकांना वाईट बातमी खुर्ची ओढून, त्यांच्या शेजारी बसून सांगायची, हे मी त्यांचंच बघून उचललं. पण ते 'शिकवणं' आहे, हे बहुधा त्यांनाही ठाऊक नव्हतं.

गंमत पुढेच आहे. बऱ्याच वर्षांनी शिरूरचे सर एका लग्नात भेटले. म्हणाले, "आमच्याकडे पोरं कशी मोकळी असायची, नाही?" मी घास गिळला. दौंडच्या सरांची समजूत याच्या उलट. "मी जरा कडकच होतो. टरकायची पोरं."

आता जिल्हा रेसिडेन्सीचे तीन महिने करायला पीजीची मुलं माझ्याकडे येतात. मी स्वतःला बऱ्यापैकी प्रेमळ समजतो, म्हणजे काय ते ओळखा. जाताना ती अभिप्रायाचा फॉर्म भरतात. मागच्या बॅचनं मला सगळ्या रकान्यांत पाचपैकी पाच दिले. मी न घेतलेल्या लेक्चरलासुद्धा.