लगाम ओढायचा नसतो!

व्हिएन्नातील हॉफबर्ग राजवाड्याच्या आवारात एक शुभ्र दालन आहे. उंच छत, लखलखती झुंबरे, सभोवार खांबांच्या रांगा आणि जमिनीवर मात्र वाळू! ही आहे घोड्यांची जगप्रसिद्ध शाळा, ‘स्पॅनिश रायडिंग स्कूल’. सम्राट सहावे चार्ल्स यांनी बांधवून घेतलेले हे दालन १७३५ साली पूर्ण झाले. आत येणारा प्रत्येक स्वार आजही त्यांच्या तसबिरीला टोपी काढून अभिवादन करतो.

येथील घोडे लिपिझानर जातीचे. आजच्या स्लोव्हेनियातील लिपिका गावी १५८० मध्ये त्यांची पागा स्थापन झाली. शिंगरू जन्मते काळपट. पांढरेशुभ्र व्हायला त्याला सहा ते दहा वर्षे लागतात.

साधारण चार वर्षांचा घोडा येथे शिकायला येतो. आधी लांब दोरावर गोल फिरणे, मग पाठीवर स्वार घेऊन सरळ चालणे. तोंडात साधे कडियाळे असते. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये घोड्याला हिरडीची मोकळी जागा असते, तिथे ते बसते. ही जागा फार नाजूक. हिसका बसला की घोडा जबडा आवळतो, मान ताठ करतो. रोज हिसके बसले तर तोंड कायमचे बथ्थड होते आणि मग कितीही ओढा, घोडा दाद देत नाही.

म्हणून स्वार एका बाजूचा लगाम बोटांनी किंचित आवळतो. घोड्याने जबडा सैल सोडून मान जराशी वळवली, की त्याच क्षणी बोटे ढिली! दाब गेला, म्हणजे आपले बरोबर आले, हे घोड्याला उमगते. वर कोटाच्या खिशातला साखरेचा खडाही मिळतो.

कोवळे तोंड बिघडू नये म्हणून नवा घोडा अनुभवी स्वाराकडेच सोपवतात. नवख्या स्वाराला बसवतात ते मुरलेल्या घोड्यावर, तेही सुरुवातीला रिकीब आणि लगाम यांच्याशिवाय! मांड पक्की झाल्याखेरीज त्याच्या हाती लगाम येत नाही. तोल सावरायला लगाम धरण्याची सवय त्याला लागताच कामा नये. २००८ पासून मुलींनाही येथे प्रवेश मिळू लागला.

सकाळचा सराव तिकीट काढून पाहता येतो. त्यात उंच उड्या फारशा नसतात. पण एखादा तरुण घोडा तोंड चघळत मान खाली घेतो आणि स्वाराची बोटे अलगद सैल होतात, तो क्षण चुकवू नये.